बिनगोल मंडळाची शेवटची बैठक

वर्तुळ हा माणसाच्या बुद्धीचा सगळ्यात जुना आळस आहे, असं निरीक्षकांचं ठाम मत होतं. ज्याला कोपरा काढता येत नाही तो गोल काढतो, ज्याला निर्णय घेता येत नाही तो गोल गोल बोलतो, आणि ज्याला कशाचीच आवड नसते तो गोल घड्याळ घालतो. हे मत ते कित्येक वर्षं एका हॉटेलच्या मागच्या खोलीत, गोल टेबलाशी बसून, गोल बशीत चहा ओतून घेत मांडत आले होते. मांडताना हातवारे होत, त्यामुळे थोडा चहा नेहमी टेबलावर सांडायचा आणि तिथेही त्याचा गोलच व्हायचा.

निरीक्षक म्हणजे वजनमापे खात्यातले निवृत्त निरीक्षक. उभी हयात दुकानदारांचे तराजू तपासण्यात गेली. ते दारात दिसले की भल्याभल्यांच्या घशाला कोरड पडायची. आता ते दारात दिसले की दुकानदार विचारायचा, "काय देऊ काका?" निवृत्ती म्हणजे नेमकं काय, हे समजावून सांगायला याहून जास्त काही लागत नाही.

हॉटेलच्या त्या मागच्या खोलीत दर महिन्याच्या पहिल्या रविवारी बिनगोल मंडळ भरायचं. चौकोनी, आयताकृती, पिंपासारखी, उशीसारखी, ढालीसारखी, थोडक्यात गोल सोडून कुठल्याही आकाराची, कोटाच्या बाहीखालून जेमतेम डोकावणारी, उंची आणि चावीची घड्याळं जमवणाऱ्या चार माणसांची ही संघटना. मंडळ या शब्दाचा अर्थच मुळात वर्तुळ असा होतो, हे पहिल्या बैठकीत एका सदस्याबाईंनी निदर्शनाला आणून दिलं होतं; पण तोवर रबरी शिक्का करून झाला होता.

सदस्य एकमेकांना आवडत्या आकारावरून हाक मारत. त्या बाई निवृत्त मुख्याध्यापिका होत्या आणि त्यांचा जीव उशीच्या आकाराच्या घड्याळांवर, म्हणून त्या उशीबाई. शाळेत हे नाव तोंडावर घ्यायची कुणाची छाती झाली नसती, मंडळात मात्र त्या निमूट ओ द्यायच्या. कापडाचा एक व्यापारी होता, तो ढाल. एक दंतवैद्य होते, त्यांना मधे फुगलेली आणि वर-खाली निमुळती घड्याळं आवडायची, ते पिंप. त्यांच्या देहयष्टीचा या नावाशी काही संबंध नाही, असं सगळे न विचारता सांगायचे. आणि निरीक्षक म्हणजे वीट. लांबट, काटकोनी, कुणाच्या अध्यात ना मध्यात अशी घड्याळं त्यांची. बायको हयात होती तेव्हा मंडळातून फोन आला की ती रिसीव्हरवर हात ठेवून सांगायची, "अहो, कुणीतरी वीट मागतंय. एकच हवी म्हणतात."

मंडळाला नियम एकच होता, पण फार कडक. नवं घड्याळ घेतलं की ते लगेच घेणाऱ्याचं व्हायचं नाही. पावती खिशात असली तरी ते पाहुणंच. मालकाने ते घालून बैठकीला यायचं, सगळ्यांच्या समोर बसायचं आणि नेहमीसारखा एक चहा प्यायचा. बिस्किटाला हात पुढे करायचा, चष्मा वर सरकवायचा, मान खाजवायची. तोंडाने मात्र घड्याळाबद्दल चकार शब्द काढायचा नाही. बाकीच्यांनी नुसतं बघायचं. कप रिकामा झाला की समोरच्यांनी काय ते सांगायचं: "बसलं", नाहीतर "नाही बसलं". बसलं म्हटलं की घड्याळ त्या मनगटाचं. नाही बसलं म्हटलं की ते मुकाट्याने घड्याळांच्या व्यापाऱ्याकडे परत. अपील नाही.

यामागे विचार होता. आपल्या हातावर आपल्याला घड्याळ दिसत नाही, वेळ दिसते. आकार दिसायला समोर माणूस लागतो. हातभर अंतरावर बसलेला, घाई नसलेला, आणि ज्याला त्यातलं कळतं असा. गोल घड्याळ कुठूनही बघा, सारखंच. म्हणून त्याला मित्र लागत नाहीत.

पुढे मंडळाला ओहोटी लागली. उशीबाई मुलीकडे परगावी राहायला गेल्या आणि तिथून वर गेल्या. ढालीने एका बैठकीत बाही मागे घेतली तर आत चक्क गोल घड्याळ. "जावयाने दिलंय, मन मोडवत नाही," म्हणाला. पुढच्या बैठकीला तो आला नाही, आणि "ढाल गोलात गेला" हे वाक्य मंडळात नंतर बराच काळ पक्षांतराच्या बातमीसारखं उच्चारलं गेलं. उरले पिंप आणि वीट. दोघांची बैठक कायदेशीर धरायची की नाही, यावर दोघांनी दोन बैठका घेतल्या. मग पिंपही मुलाच्या नव्या घरी, शहराच्या पार दुसऱ्या टोकाला राहायला गेले, आणि पहिला रविवार आला की काहीतरी निघू लागलं. कधी पाय सुजले, कधी पाहुणे आले, कधी फोनच लागला नाही.

निरीक्षक तरीही कोट घालून हॉटेलात जाऊन बसायचे. वेटर विचारायचा, "एकच?"

"येतायत," निरीक्षक म्हणायचे.

वेटर शहाणा होता. तो एकच चहा आणायचा.

आणि नेमकं अशा वेळी तिरकं घड्याळ मिळालं.

तसलं घड्याळ निरीक्षकांनी तोवर फक्त जुन्या कॅटलॉगांत पाहिलं होतं. एखाद्या आयताच्या खांद्यावर हात ठेवून त्याला कुणीतरी हलकेच एका बाजूला ढकलावं, आणि त्याने तसंच राहायचं ठरवावं, असा त्याचा आकार. बाराचा आकडा डोक्यावर नाही, उजवीकडे कललेला, सहाचा डावीकडे. कोपऱ्यातले रोमन आकडे गर्दीत उभं राहिल्यासारखे ताणलेले. हस्तिदंती रंगाची तबकडी, केसाएवढे निळे काटे. फार पूर्वी मोटार चालवणाऱ्यांसाठी हा घाट काढला होता, असं घड्याळांचा व्यापारी म्हणाला. चाकावरचा हात न वळवता वेळ दिसावी म्हणून. निरीक्षकांना मोटार येत नव्हती. त्यांनी आपल्या दोन चांगल्या विटा व्यापाऱ्याच्या हवाली केल्या आणि ते तिरकं घड्याळ घरी आणलं.

घरी आल्यावर त्यांना जाणवलं की आता ते दाखवायचं कुणाला, हा प्रश्न आहे.

आधी त्यांनी आरसा करून बघितला. इतकी वर्षं अडीअडचणीला आरशावर भागत होतं, कारण विटेला डावं-उजवं नसतं. तिरक्याने मात्र आरशात जाऊन पक्ष बदलला. इथे उजवीकडे कललेलं, तिथे डावीकडे. आरशातला म्हातारा ओळखीचा होता, त्याचं घड्याळ मात्र दुसरंच कुठलं तरी होतं. मग फोनने फोटो काढला. त्यात घड्याळ आणि मनगट पंचनाम्यातल्यासारखं आलं.

शनिवारी दूरदेशी असलेल्या मुलाचा व्हिडिओ कॉल आला. निरीक्षक कप घेऊन रीतसर कॅमेऱ्यासमोर बसले. कप उचलला, ठेवला. बिस्किट घेतलं. चष्मा वर सरकवला, मान खाजवली.

"बाबा, हात दुखतोय का?" मुलाने विचारलं.

"नाही. का?"

"सारखा वर-खाली करताय."

"काही दिसतंय का तुला?"

मुलाने स्क्रीनजवळ तोंड आणलं. "सूज तर दिसत नाही. पण दाखवून घ्या कुणाला तरी."

"तेच तर बघतोय," निरीक्षक म्हणाले.

त्याच आठवड्यात मेहुणी आली होती, बहिणीचं शिवणयंत्र न्यायला. ते तीन वर्षं नेते नेते म्हणत होती. ती टॅक्सी खाली उभी ठेवूनच वर आली. निरीक्षकांनी चहाचा आग्रह केला आणि समोर बसले. तिचं लक्ष गेलं, हे खरं.

"भावोजी, हे पडलं का हो कुठे?"

"काय?"

"घड्याळ. एका अंगाला दबलंय बघा. आमच्या कोपऱ्यावर एकजण बसतो, ठोकून सरळ करून देईल. त्याने आमचा कुकर केला होता."

"ते तसंच असतं," निरीक्षक म्हणाले.

"असं कसं असेल? विकत घेताना बघून नाही घेतलंत?" आणि मग जरा मऊ आवाजात, "ताई असती तर बघून घेतलं असतं तिने."

हे काही खरं नव्हतं. ताई असती तर तिने स्वयंपाकघरातून न बघताच "बसलं हो, बसलं" म्हटलं असतं. ती असताना निरीक्षक यावर हरकत घ्यायचे. न बघता दिलेला निर्णय मंडळात ग्राह्य धरत नाहीत. आता त्यांना वाटलं, तेवढी सूट द्यायला हरकत नव्हती. त्यांनी शिवणयंत्राचं एक टोक धरलं आणि जिने उतरून टॅक्सीत ठेवायला मदत केली.

बँकेत त्यांनी काउंटरवर हात जरा लांबवून ठेवला. काचेपलीकडच्या बाईंनी घड्याळाकडे पाहिलं, मग त्यांच्याकडे. "काका, घाई सगळ्यांनाच असते. बसा, नंबर पुकारतील."

तोवर घड्याळ पाहुणंच होतं. इतर घड्याळांच्या खणात ते ठेवता येत नव्हतं, म्हणून निरीक्षक ते जेवणाच्या टेबलावर, समोरच्या रिकाम्या खुर्चीपुढे ठेवायचे. जेवताना ते तिकडे बघत. खाली ठेवलेलं घड्याळ म्हणजे नुसता जिन्नस. हात नसला तर ते कलंडलेलं दिसतं, कललेलं दिसत नाही. हा फरक बोलून दाखवावा असं एकच माणूस जगात उरलं होतं. त्या घरी फोन केला की सून उचलायची आणि म्हणायची, "बाबा झोपलेत." पुढच्या वेळी म्हणायची, "बाबा चालतायत." माणूस चोवीस तास एकतर झोपलेला नाहीतर चालत असू शकत नाही, हे निरीक्षकांना कळत होतं, पण समोरच्याच्या मापात खोट आहे हे कळणं आणि ते सिद्ध करणं यांतला फरकही त्यांना नोकरीमुळे ठाऊक होता.

पहिला रविवार आला तेव्हा ते हॉटेलात गेले नाहीत. कोट घातला, तिरकं घड्याळ मनगटावर चढवलं, आणि बस बदलून शहराच्या दुसऱ्या टोकाला गेले.

दार सुनेने उघडलं. कानात यंत्र होतं आणि ती हवेशी बोलत होती. "हो सर. ऐकतेय सर. सर, रविवारी तेवढं जमेल असं वाटत नाही." हातानेच तिने निरीक्षकांना विचारलं, कोण?

"मी बाबांच्या मंडळातला."

तिने कानातलं काढलं. "तुम्हीच का ते फोनवाले काका? या ना. सॉरी हं, मी तुम्हाला टाळत होते असं नाही. म्हणजे टाळतच होते." तिने दार अर्धवट ओढून घेतलं आणि आवाज खाली आणला. "काका, आत जायच्या आधी एक सांगू? बाबा हल्ली मधे मधे विसरतात. कधी एकदम चांगले असतात, कधी काहीतरी भलतंच धरून बसतात. तेव्हा त्यांना दुरुस्त करायचं नाही. मेंदूच्या डॉक्टरांनी बजावलंय. दुरुस्त केलं की घुम्यासारखे बसून राहतात, मग जेवत पण नाहीत."

"बरं," निरीक्षक म्हणाले. आयुष्यभर त्यांनी दुरुस्त करण्यापलीकडे दुसरं काही केलं नव्हतं. "आणि त्यांची घड्याळं?"

"ती वाटत सुटले होते ना. येईल त्याला. कुरिअरवाल्याला एक दिलं, तू लांबून आलास म्हणून. तो बिचारा परत द्यायला आला, तर त्याच्यावर रागावले. शेवटी उरलेली यांनी बँकेत नेऊन ठेवली."

दंतवैद्य खिडकीजवळच्या खुर्चीत बसले होते. पिंपाच्या आता नुसत्या फळ्या उरल्या होत्या. सदरा खांद्यांवरून हँगरवरून लोंबावा तसा लोंबत होता. डाव्या मनगटावर काळं रबरी यंत्र होतं, मुलाने बांधलेलं. किती चाललात, किती झोपलात, काळजाचे ठोके कसे पडतायत, सगळं ते मुलाच्या फोनला कळवायचं.

"कोण?" दंतवैद्यांनी विचारलं.

"मी. वीट."

दंतवैद्यांनी सभ्यपणे मान हलवली. ओळखीचा मागमूस नव्हता. निरीक्षक तसेच उभे राहिले. मग दंतवैद्य जरा पुढे वाकले. "तोंड उघडा."

निरीक्षकांनी तोंड उघडलं.

"मोठं. उजेडाकडे." त्यांनी निरीक्षकांची हनुवटी धरून खिडकीकडे वळवली. बोटं अजून पक्की होती. बराच वेळ त्यांनी आत बघितलं, आणि मग त्यांच्या चेहऱ्यावर घरी पोचल्यासारखं काहीतरी आलं. "खालची उजवी. ही चांदी माझी आहे." ते खुर्चीला टेकले. "वीट. किती दिवसांनी आलास रे. तिच्या मागची दाढ काढायची होती तुझी, टाळत राहिलास."

"काढू की."

"भित्रा आहेस तू. बस."

निरीक्षक बसले. जबड्याला कळ लागली होती, पण बरं वाटत होतं. सुनेने दोन चहा आणून ठेवले, बिस्किटं ठेवली, आणि "हो सर, आले सर" म्हणत ती आतल्या खोलीत गेली.

निरीक्षकांनी कोटाची बाही बोटभर मागे घेतली. कप उचलला. एक घोट घेतला. बिस्किटाला हात पुढे केला, आणि तो जरा जास्तच वेळ बशीवर ठेवला. चष्मा वर सरकवला. मान खाजवली.

दंतवैद्य खिडकीबाहेर बघत होते. समोरच्या इमारतीच्या गच्चीवर एक माणूस अँटेना की कसलासा दांडा सरळ करत होता. "सकाळपासून लागलाय," दंतवैद्य म्हणाले. "मूळच हलतंय. वरून दाबून काय होणार?"

निरीक्षकांनी पुन्हा मान खाजवली.

"अंगाला खाज सुटते का तुझ्या?"

तेवढ्यात काळं यंत्र दंतवैद्यांच्या मनगटावर थरथरलं. ते लगेच उठले. "चल. हे ओरडलं की उठायचं. नाही उठलं तर मुलाला ऑफिसात कळतं आणि तो तिथून ओरडतो."

जेवणाच्या टेबलाभोवती दोघे चालू लागले. टेबल चौकोनी होतं, पण चालणं गोलच होत होतं. दंतवैद्य पुढे, निरीक्षक मागे. निरीक्षकांनी हात मुद्दाम झुलवत ठेवला, वळणावर तरी दिसेल म्हणून. पण पुढे चालणाऱ्याला मागच्याचा हात कसा दिसणार, हे त्यांच्या तिसऱ्या-चौथ्या फेरीला लक्षात आलं. मग ते पुढे झाले. तेव्हा दंतवैद्य खाली बघून चालायला लागले. यंत्राचं समाधान झालं, त्याने एकदा आनंदाने किणकिण केलं, आणि दोघे परत खिडकीशी येऊन बसले. चहा गार झाला होता.

निरीक्षकांनी घड्याळाचा हात मांडीवर ठेवून दिला. आता काही करायचं नव्हतं. आलोच आहोत तर चहा संपवावा आणि निघावं, असं त्यांनी मनाशी म्हटलं.

"हे काय?" दंतवैद्य म्हणाले.

त्यांची नजर मनगटावर होती. ती जुनी नजर निरीक्षकांनी लगेच ओळखली. जरा बारीक झालेली, आणि घाई नसलेली.

"दाखव."

निरीक्षकांनी हात पुढे केला. दंतवैद्यांनी बक्कल इतक्या अलगद सोडवलं की ते सुटलेलं निरीक्षकांना कळलंही नाही. घड्याळ तळहातावर घेतलं, उजेडात फिरवलं, कडेने बघितलं, कानाला लावलं. "तिरकं," ते स्वतःशीच म्हणाले. "मिळालं का शेवटी." मग त्यांनी ते आपल्या मोकळ्या, उजव्या मनगटावर बांधलं. शेवटचं भोक लागलं.

यातही नवीन काही नव्हतं. मंडळात घड्याळं हातोहात फिरायची. निरीक्षक खुर्चीत सावरून बसले. आता हा बघेल, मग परत देईल, मग मी घालीन, आणि मग तो म्हणेल काय ते.

पण दंतवैद्य घड्याळाकडे बघेनात. त्यांनी पाठ ताठ केली. सदऱ्याची बाही बोटभर मागे घेतली. उजव्या हाताने गार चहाचा कप उचलला, एक घोट घेतला. बिस्किटाला हात पुढे केला आणि तिथे जरा थांबवला. चष्मा वर सरकवला. मान खाजवली. तोंडाने चकार शब्द काढला नाही.

निरीक्षकांना कळायला थोडा वेळ लागला. मग एकदम सगळं कळलं. जो घालतो तो मालक. जो मालक तो गप्प बसतो. नियमाप्रमाणे दंतवैद्यांचं काहीही चुकत नव्हतं. त्यांच्या लेखी नवं घड्याळ त्यांनी घेतलं होतं, आणि बघायला वीट आली होती.

दुरुस्त करायचं नाही, असं सुनेने बजावलं होतं. निरीक्षकांनी आतल्या खोलीकडे पाहिलं. तिथून "नक्की सर" ऐकू आलं.

दंतवैद्यांनी कप संपवला आणि बशीत ठेवला. मग ते निरीक्षकांच्या तोंडाकडे बघू लागले. दाढा बघतात तसं नव्हे. इतकी वर्षं निरीक्षकांनी या माणसाला इंजेक्शन, ड्रिल आणि पकड घेऊन समोर उभं राहिलेलं पाहिलं होतं. घाबरलेलं कधी पाहिलं नव्हतं.

"बोल की," दंतवैद्य हळूच म्हणाले. "मला नाही ना बोलता येत, माझं आहे म्हटल्यावर."

"नाही बसलं" म्हणण्याची सोय होती. नियमाप्रमाणे घड्याळ काढून ठेवावं लागलं असतं, निरीक्षकांनी ते खिशात घातलं असतं, आणि व्यापाऱ्याकडे परत नेतो म्हणून सांगितलं असतं. खोटं म्हणावं असं त्यात फारसं काही नव्हतं. एवढं सगळं सुचेपर्यंत त्यांनी घड्याळाकडे नीट बघितलं नव्हतं. सवयीने ते बघायला लागले. काटा तपासल्याशिवाय शिक्का मारायचा नाही, एवढं तरी खात्याने शिकवलं होतं.

ते बसलं होतं.

दंतवैद्यांचं मनगट वाळलं होतं आणि त्याचं बाहेरचं हाड वर आलं होतं. घड्याळ त्या हाडाशी सरकून आलं होतं, आणि हाडाचा उतार नेमका तबकडीचा उतार होता. त्यामुळे ते कललेलं वाटतच नव्हतं. भिंतीला टेकून कुणीतरी कुणाची तरी वाट बघत उभं असावं तसं ते उभं होतं. रोमन आकडे ताणलेले नव्हते, बरोब्बर होते. निळ्या काट्यांवर खिडकीतला उजेड पडला होता. घड्याळ घरात आल्यापासून निरीक्षकांना ते पहिल्यांदा दिसत होतं, हातभर अंतरावरून, दुसऱ्याच्या हातावर. आपल्या हातावर ते असं दिसत होतं का? कोणास ठाऊक. आजवर ते सांगायला कुणी नव्हतं, आणि आता एकच जण होता, तो समोर गप्प बसला होता.

"बसलं," निरीक्षक म्हणाले.

"नक्की?"

"नक्की."

"मला वाटलंच होतं." दंतवैद्यांच्या खांद्यांतून हवा गेल्यासारखं झालं, आणि गाल वर आले. पिंप दिसायला लागला. त्यांनी हात लांब करून एकदा बघितलं, जवळ घेऊन बघितलं. मग त्यांना निरीक्षकांचं रिकामं मनगट दिसलं असावं. "तुला आवडलं ना? दिलं असतं रे तुला. पण बसलं म्हटल्यावर देता येत नाही."

"नाही देता येत."

"नियम आहे."

"आहे ना," निरीक्षक म्हणाले.

निघताना सून दारापर्यंत आली. तिने सगळं पाहिलं होतं की नुसतं शेवटचं, कळायला मार्ग नव्हता. "काका, ते घड्याळ तुमचं ना? आता काढायला गेले तर वाद घालतील. ते झोपले की मी काढून ठेवते आणि पाठवून देते."

"नको. त्यांचंच आहे."

"अहो, पण महाग असेल ना?"

"आहे बऱ्यापैकी. पण ते काढू नका."

"बरं. पुढच्या महिन्यात याल?"

"पहिल्या रविवारी."

"या. फोन नका करत बसू, सरळ या. चालायला सोबत होते त्यांना." कानातलं यंत्र पुन्हा कानात गेलं. "हो सर. नाही सर, घरीच आहे, कुठे जाणार?"

बसमध्ये निरीक्षकांना खिडकीजवळची जागा मिळाली. कोटाची बाही मोकळी होती आणि मनगटावर पट्ट्याचा पांढुरका वळ होता. शेजारच्या माणसाने किती वाजले म्हणून विचारलं. निरीक्षकांनी माहीत नाही म्हणून सांगितलं. ते हिशेब करत होते. घड्याळ खणात राहिलं असतं तर ते त्यांचं असतं आणि त्यांना दिसलं नसतं. आता ते त्यांचं नव्हतं, पण महिन्यातून एकदा, एक अख्खा चहा पुरेल इतका वेळ, ते त्यांना दिसणार होतं. समोर, हातभर अंतरावर, ज्या हातावर ते बसलं होतं त्याच हातावर. शिवाय मागच्या खोलीत बसून वेटरला "येतायत" असं सांगायची गरज उरणार नव्हती. सौदा वाईट नव्हता. उलट, इतका बरा सौदा आपण कधी केला होता का, हे ते घर येईपर्यंत आठवत राहिले, आणि एक थांबा पुढे गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी दंतवैद्य ते घड्याळ घालूनच आंघोळीला गेले. तसल्या घड्याळांना पाणी चालत नाही.